ऋतुजा, रुतुजा आणि रितुजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि नावे मराठी वृत्तपत्रांत ओळीने छापून येतात आणि दरवर्षी त्या ओळींत एकच नाव तीन-चार प्रकारांनी लिहिलेले दिसते. एका बातमीत ‘ऋतुजा’, तिच्याखाली ‘रुतुजा’, शेजारच्या तालुक्याच्या बातमीत ‘रितुजा’ आणि अभिनंदनाच्या जाहिरातीच्या चौकटीत ‘ऋतूजा’. या चौघींच्या बारशाला एकच नाव ठेवले गेले असणार, याविषयी मला फारशी शंका वाटत नाही. माझी नोकरीची सगळी वर्षे मराठी शाळेत भाषा शिकवण्यात गेली, त्यामुळे असे काही दिसले की हात लाल पेनाकडे जातो हे खरे. तरी हे पत्र शुद्धलेखनाचा तास घेण्यासाठी नाही. नावाचा उच्चार ठरवण्याचा हक्क ते ठेवणाऱ्या घराचा आहे आणि देवनागरीत जन्मलेले नाव रोमन लिपीतून फिरवून पुन्हा देवनागरीत आणण्याचा जो उद्योग शाळा, कार्यालये आणि वृत्तपत्रे करतात तो थांबायला हवा, एवढेच मला सांगायचे आहे.

हे नाव महाराष्ट्रात नेमके किती मुलींचे आहे ते सांगायला आपल्याकडे साधन नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग दरवर्षी नवजात बालकांच्या नावांची क्रमवारी प्रसिद्ध करतो, तशी अधिकृत यादी येथे निघत नाही. आमची मोजणी हजेरीपटावरच होत असे. त्या हजेरीपटाच्या साक्षीने मी म्हणू शकते, की गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी घरांनी निसर्गातून उचललेल्या नावांत ऋतुजा बरीच वर राहिली. वर्गात दोन-दोन ऋतुजा असत आणि त्यांना आडनावाने हाक मारावी लागे. त्यांच्या पणज्यांची नावे नद्यांवरून होती, म्हणजे गोदावरी, यमुना, कृष्णा, भागीरथी. आज्यांच्या पिढीत कुसुम, नलिनी, सुमन, लता अशी फुलझाडे आली. मग ऋतू आले. वसंत, शरद, हेमंत आणि शिशिर हे मुलांच्या वाट्याला गेले, वर्षा मुलींकडे आली, आणि ग्रीष्म मात्र बहुतेक तसाच शिल्लक राहिला. उन्हाळ्याचे नाव पोटच्या पोराला ठेवायला मराठी माणूस सहसा धजावत नाही, आणि ज्याने मराठवाड्यात किंवा विदर्भात एक मे महिना काढला आहे त्याला याचे कारण विचारावे लागणार नाही. ऋतुजा या नावाने ही निवडच टाळली. गिरिजा, जलजा यांच्या चालीवर घडलेले हे नाव कोणत्याच एका ऋतूचे नाही, त्यामुळे सहाही ऋतूंत जन्मलेल्या मुलीला ते शोभते. तिच्या भावाचे नाव ऋतुराज, म्हणजे थेट वसंत. पुण्याचा क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड याने २०२२ साली विजय हजारे करंडकाच्या सामन्यात एका षटकात सात षटकार मारले आणि हे नाव देशभर पोहोचले. आणि हिंदी समालोचनातून ते ‘रितुराज’ होऊन परत आपल्या घरात ऐकू येऊ लागले. त्या समालोचनामुळे पुष्कळ मराठी प्रेक्षक चिडतात हे मला ठाऊक आहे. मला तो राग अर्धाच पटतो, आणि तो अर्धाच का, हे जरा विस्ताराने सांगावे लागेल.

संस्कृतात ऋ हा स्वर आहे. म्हणजे र् हाच तेथे अक्षराचा कणा असतो आणि त्याला अ, इ, उ यांपैकी कोणाचा टेकू लागत नाही. मध्ये र् आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वराचा किंचित अंश, असे त्याचे वर्णन प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत, आढळते. असा स्वतःच्या पायावर उभा राहणारा र् जगात आजही काही ठिकाणी बोलला जातो. चेक लोक आपल्या ब्र्नो या शहराचे नाव घेतात तेव्हा ब आणि न यांच्यामध्ये दुसरा स्वर नसतोच. आपल्याकडच्या बोलण्यातून तो उच्चार फार पूर्वी गेला आणि लिहिण्यात अक्षर तेवढे उरले. उरलेल्या अक्षराला वाचताना काहीतरी आवाज देणे भागच होते, तो प्रत्येक प्रदेशाने आपापल्या सवयीने दिला. महाराष्ट्र, गुजरात, ओडिशा, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण येथे तो साधारणपणे ‘रु’कडे झुकला, तर हिंदी प्रदेश, पंजाब, बंगाल आणि आसाम येथे ‘रि’कडे. म्हणून गुजराती कृपा आणि ओडिया कृष्ण यांच्या रोमन नावांत पुष्कळदा यू दिसतो आणि बंगालचे चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक यांच्या नावात आय. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत तर काही ठिकाणी ऋ चा उच्चार ‘रे’ असा करण्याची परंपरा आहे, आणि त्या शाखेची घराणी आपल्या महाराष्ट्रातही पुष्कळ आहेत. तेव्हा ‘मूळ उच्चार आमचाच’ हा दावा पुण्याने करू नये आणि काशीनेही करू नये.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे आपल्या स्वतःच्या बोलीत ऋ चे काय झाले ते. पृष्ठ या शब्दाची मराठीत पाठ झाली, हिंदीत पीठ झाली. मृत्तिकेची आपल्याकडे माती, तिकडे मिट्टी. तृणाचे आपल्या शेतात तण, तिकडे तिनका. या जोड्या पाहून कोणी म्हणेल, की मराठीने अ घेतला आणि हिंदीने इ. पण मृग नक्षत्राला आमचा शेतकरी मिरग म्हणतो, ऋण काढणारा रीण काढतो, आणि मी ज्या कृष्णा नदीच्या काठी राहते तिला माझ्या आजोळची माणसे किस्नाच म्हणत. इंग्रजी अमदानीतल्या जुन्या नकाशांवर या नदीचे नाव ‘किस्तना’ असे सापडते, ते साहेबाच्या कानाचा दोष म्हणून आपण हसण्यावारी नेतो. साहेबाने बहुधा काठावरच्या माणसाचे नीट ऐकले होते. तात्पर्य, अस्सल मराठी मुखातून आलेल्या शब्दांत ऋ कधी अ झाला, कधी इ झाला. ऋतुजा, सृष्टी, मृण्मयी, वृंदा, प्रकृती यांतला ‘रु’ ही पोथी वाचणाऱ्यांची आणि पुढे शाळेत शिकवणाऱ्यांची रूढी आहे, आणि ही नावेही शेताच्या बांधावरून आलेली नाहीत, पुस्तकांतून आलेली आहेत. रूढी म्हटल्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. भाषेत रूढीपेक्षा मोठा आधार सहसा मिळत नाही आणि मराठीत ही रूढी इतकी पक्की आहे, की मराठी घरात मुलीला कोणी ‘रितुजा’ म्हणून हाक मारली तर ती वळून पाहणार नाही. परंतु याच न्यायाने लखनौच्या घरातली ऋतु ही ‘रितु’च आहे आणि तिला ‘रुतू’ म्हणून सुधारायला जाणारा मराठी माणूस तितकाच आगाऊ ठरतो. हिंदी समालोचकांवरचा राग मला अर्धा पटतो तो यामुळे. ते आपल्या रूढीने वाचतात हा त्यांचा दोष नाही. खेळाडू स्वतः आपले नाव कसे सांगतो ते विचारून घेत नाहीत, हा आहे.

नावागणिक ही रूढी किती वेडीवाकडी वागते, हे पाहायचे तर मृणाल हे नाव घ्यावे. मृणाल म्हणजे कमळाचा देठ, तेव्हा तेही निसर्गातलेच. बंगालमध्ये चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन पुरुष, आणि आपल्याकडे मुंबईच्या नळाला पाणी यावे म्हणून रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे स्त्री. सेन यांच्या रोमन नावात आय आहे. मृणालताईंचे नाव इंग्रजी मजकुरात आय आणि यू अशा दोन्ही तऱ्हांनी छापलेले आढळते. आजच्या अभिनेत्रींपैकी मृणाल कुलकर्णी आय लिहितात, मृणाल ठाकूर यू लिहितात, आणि दोघीही मराठी. देवनागरीत चौघांचेही नाव अक्षरशः एकच आहे. पृथ्वीराज, कृष्णा, अमृता ही जुनी परिचित नावे मराठी माणसे रोमन लिपीत आय घालूनच लिहीत आली, कारण एकोणिसाव्या शतकापासून सरकारी दप्तरात रुळलेल्या हंटर यांच्या लिप्यंतर पद्धतीत ऋ साठी आर आणि आय ही अक्षरे होती. ऋतुजा हे नाव घराघरांत पोहोचले तोवर मराठी आईबापांना आपल्या कानाप्रमाणे स्पेलिंग करण्याचा धीर आला होता, म्हणून तिच्यात यू आला. एकाच घरात थोरल्या अमृताला आय आणि धाकट्या ऋतुजाला यू, हे त्यामुळे सर्रास दिसते, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

मला खटकतो तो अलीकडचा उलटा प्रवास. घरात ‘रु’ म्हणणारे मराठी पालक मुलीच्या नावात हौसेने आय घालतात, कारण तो दिसायला बरा वाटतो, किंवा दूरचित्रवाणीवरच्या मालिकांत तसे असते, किंवा कोणीतरी अंकशास्त्राचा हिशेब मांडून दिलेला असतो. पुढे शाळेत बाई ‘रितुजा’ म्हणाल्या की हेच पालक तक्रार घेऊन येतात. अशा वेळी बाईंनी काय करावे? त्यांच्यासमोर जे लिहिले आहे ते त्या वाचतात. नावरसाच्या, म्हणजे जन्मनक्षत्राप्रमाणे नावाचे पहिले अक्षर काढण्याच्या, बाबतीतही असाच एक मजेदार प्रसंग उद्भवतो. पंचांगातल्या अवकहडा चक्राप्रमाणे चित्रा नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे अक्षर ‘री’ आहे आणि स्वाती नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे ‘रू’. म्हणजे ऋतुजा हे नाव मराठी कानाने स्वातीच्या मुलीला बसते आणि हिंदी कानाने चित्रेच्या. रास दोघींची तूळच, एवढे तरी सुदैव. ज्यांना नावरस पाहायचा आहे त्यांनी तो खुशाल पाहावा. पण ‘रू’ अक्षर काढून नाव ठेवायचे आणि दाखल्यावर आय लिहायचा, यात ज्योतिषाचाही मान राहत नाही.

हा सगळा ऊहापोह वीस वर्षांपूर्वी केवळ हौसेचा ठरला असता. आता तसे राहिलेले नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे बाळाचे नाव न घालताही जन्माची नोंद होऊ शकते. नंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, आधार, पारपत्र, सरकारी नोकरी अशा कितीतरी ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जातो. म्हणजे नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खिडकीपाशी जे अक्षर एकदा पडेल ते मुलीबरोबर आयुष्यभर चालणार. त्यातच महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र ऋतुजाच्या आईचे नाव मृणाल किंवा वृषाली असेल तर एकाच ओळीत ऋ दोनदा येणार, आणि आईच्या कागदांवर आय व मुलीच्या कागदांवर यू अशी स्थिती असली तर ती ओळ भरताना खिडकीपलीकडच्या माणसाचा गोंधळ उडणार, हेही आतापासूनच ध्यानात ठेवलेले बरे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या शाळेच्या दाखल्यावर यू होता आणि पॅन कार्डावर आय, कारण अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने आपल्या कानाला जे पटले ते लिहिले. परदेशी शिक्षणासाठी जाताना ती दोन नावे एकाच मुलीची आहेत हे सिद्ध करायला तिला प्रतिज्ञापत्र करावे लागले, राजपत्रात जाहिरात द्यावी लागली आणि प्रवेशाची मुदत टळता टळता वाचली. तिची आई मला म्हणाली, “बाई, अक्षर एकच होतं हो.”

परदेशी गेल्यावर पुन्हा नवा उच्चार वाट पाहत असतो. इंग्रजी वाचणारा माणूस यू पाहून ‘रटूजा’ म्हणतो, आय पाहून ‘रिटूजा’ म्हणतो, आणि त चा ट दोन्हीकडे करतो. दक्षिणेतली कुटुंबे त साठी टी आणि एच लिहितात, त्यामुळे तेथील ‘ऋतु’ इंग्रजांच्या ‘रूथ’जवळ जाऊन बसते. अमेरिकेत स्थायिक झालेले काही मराठी पालक म्हणूनच ऋ असलेली नावे टाळू लागले आहेत, आणि मीरा, माया, तारा अशा दोन्हीकडे सहज बोलल्या जाणाऱ्या नावांकडे वळले आहेत. त्यांची अडचण मी समजू शकते. पण जेथे नवी शिक्षिका पहिल्याच दिवशी मुलीला ‘तुझे नाव कसे उच्चारू?’ असे विचारते, तेथे ऋतुजालाही फारसा त्रास होत नाही, असे त्या मुलींकडूनच मी ऐकले आहे. तेवढे विचारणे आमच्या शिक्षकांना, आणि समालोचकांनाही, अवघड जाऊ नये.

आता वृत्तपत्रांविषयी. ‘रुतुजा’ आणि ‘रितुजा’ ही दोन्ही रूपे मराठी छापील पानावर येतात ती बहुतांशी रोमन यादीवरून उलट लिप्यंतर केल्यामुळे येतात. वार्ताहराला शिकवणी वर्गाकडून किंवा क्रीडा संघटनेकडून इंग्रजी यादी मिळते, तो ती भ्रमणध्वनीवर टंकित करतो, आणि कळफलक त्याच्यासमोर जे पहिले रूप ठेवतो ते पुढे जाते. सृष्टी हे नाव या वाटेने ‘श्रुष्टी’ होते. त्या ‘श्रु’मध्ये श आहे, जो मूळ नावात कोठेही नाही, रोमन लिपीतला एस आणि आर पाहून लिहिणाऱ्याला श्रुती आठवते आणि तो श्र लिहून मोकळा होतो. वृंदा ‘व्रुंदा’ होते, मृण्मयी ‘म्रुन्मयी’ होते, आणि त्यातला ण जाता जाता न होतो. ज्या मुलीने मराठीत शंभरपैकी सत्त्याण्णव गुण मिळवले म्हणून तिचे कौतुक छापायचे, तिचेच नाव मराठीत चुकीचे छापायचे, हा प्रकार क्लेशदायक आहे. ‘ऋतूजा’ची गोष्ट निराळी. तेथे लिप्यंतराचा दोष नसून नियमाचा अर्धवट परिचय आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ पासून चालत आलेल्या लेखननियमांप्रमाणे ऋतू हा शब्द एकटा आला तर तू दीर्घ, पण समासात पूर्वपद झाला की मूळचा ऱ्हस्व तु, म्हणून ऋतुराज, ऋतुजा, ऋतुचक्र. नियम माहीत असलेल्या माणसाकडूनच ही चूक अधिक होते, आणि ती मला सर्वांत कमी टोचते.

हा दोष वृत्तपत्रांपुरता नाही. मतदारयाद्या, निकालपत्रके आणि विम्याची कागदपत्रे यांतही देवनागरी नावे अशाच रीतीने मोडलेली दिसतात. परंतु तेथे मी पत्र लिहून उपयोग होईल अशी आशा नाही, आपल्याकडे आहे. म्हणून काही विनंत्या करते. मराठी माध्यमाच्या प्रत्येक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचे नाव देवनागरीत लिहिलेले असते. निकालाच्या दिवसांत वार्ताहरांनी मुख्याध्यापकांकडून ती देवनागरी यादी मागावी, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील मुलांच्या बाबतीत पालकांना एक दूरध्वनी करावा. वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत आलेल्या बातमीत मराठी व्यक्तीचे नाव असेल तर जिल्हा प्रतिनिधीकडून ते पडताळून घ्यावे. आणि व्यक्ती बंगालची किंवा बिहारची असेल, तर देवनागरीत ऋ तसाच ठेवून उच्चार वाचणाऱ्यावर सोडावा, कारण तेवढी सोय या अक्षरात आहे आणि रोमन लिपीत ती नाही. अभिनंदनाच्या जाहिराती पैसे देणाऱ्याच्या मजकुराप्रमाणेच छापाव्या लागतात हे मला कळते, तरी जाहिरात स्वीकारणाऱ्या माणसाने ‘ऋतूजा’ पाहून एकदा ‘तु ऱ्हस्व करू का?’ असे विचारले तर कोणताही बाप नाही म्हणणार नाही.

पालकांनाही याच पत्रातून विनवते, की दाखल्याचा अर्ज भरण्यापूर्वी नाव देवनागरीत स्वच्छ लिहून न्यावे, घरात ‘रु’ म्हणत असाल तर रोमन रकान्यात यू लिहावा आणि ‘रि’ म्हणत असाल तर आय, दोन्ही रकाने समोर बसून तपासावेत आणि सही त्यानंतर करावी. पुरवणी परीक्षेचे निकाल लागतील तेव्हा आपल्या पानावरील नावे मी पुन्हा वाचणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, कराड